फोन टॅप झाला की सीडीआर काढला?

"पोलिसांनी त्याचा सीडीआर काढला" अशी बातमी आली की बहुतेकांना वाटतं, आता त्याचं सगळं बोलणं ऐकलं जाणार. तसं नसतं. सीडीआर म्हणजे कॉल डिटेल रेकॉर्ड, कोणी कोणाला कधी फोन केला याची नोंद. त्यात तुमचा एक शब्दही नसतो. पण म्हणून तो निरुपद्रवी आहे, असं मानणं मला त्याहून मोठी चूक वाटते.

टॅपिंग म्हणजे प्रत्यक्ष संभाषण ऐकणं. ते आदेश निघाल्यापासून पुढे चालतं. गेल्या वर्षी तुम्ही काय बोललात, ते त्यातून मिळत नाही. सीडीआर नेमका उलटा, मागचं उकरणारा. मोबाइल कंपन्यांना या नोंदी किमान दोन वर्षं जपून ठेवाव्या लागतात, आणि त्या संशयितांच्याच नव्हे, सगळ्यांच्या असतात. तुमच्या-माझ्याही.

ही फाईल दिसायला अगदी साधी असते. एक्सेलच्या ओळीच ओळी: कोणाचा नंबर, कोणाला फोन, तारीख, वेळ, किती सेकंद, हँडसेटचा आयएमईआय (म्हणजे त्याचा ओळख क्रमांक) आणि फोन कुठल्या टॉवरवर होता ते. आता समजा, त्यात एका बाईचे चार फोन दिसले. सकाळी कर्करोग रुग्णालयाला, लगेच विमा कंपनीला, दुपारी वकिलाला, रात्री पावणेबाराला बहिणीला ५२ मिनिटं. बोलणं ऐकायची गरज उरली का? रात्री आपण कुठे झोपतो, हे तर नुसता टॉवरचा रकानाच सांगतो.

एवढं सांगणाऱ्या कागदाला संरक्षण मात्र टॅपिंगपेक्षा खूपच कमी आहे.

टॅपिंगसाठी १८८५च्या टेलिग्राफ कायद्याने अट घातली होती: सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न हवा. १९९६मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कार्यपद्धती बांधून दिली. एरवी गृहसचिवाचा लेखी आदेश लागतो. तो ६० दिवस चालतो, वाढवला तरी एकूण १८० दिवसांपलीकडे जात नाही आणि पुनर्विलोकन समिती तो तपासते. २०२३चा दूरसंचार कायदा आला तरी हा सांगाडा तसाच राहिला. ही समितीसुद्धा सरकारी सचिवांचीच असते, न्यायाधीश तिच्यात नसतो, हे मला खटकतं.

तरी अटी असल्या की कोर्टात भांडता येतं. मुंबईतल्या एका व्यावसायिकाचा फोन लाच प्रकरणात टॅप झाला होता. २०१९मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने टॅपिंगचे तिन्ही आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितली. लाचेचा संशय म्हणजे सार्वजनिक सुरक्षिततेला धोका नव्हे, असं न्यायालयाचं म्हणणं. त्याला आधार होता २०१७च्या पुट्टस्वामी निकालाचा. त्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवला आणि तिच्यात शिरायचं तर कायदा, रास्त हेतू आणि प्रमाणशीरपणा लागेल, असं बजावलं.

सीडीआरला यातलं फारसं काही लागत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४खाली तपासासाठी कागदपत्रं मागता येतात, तसाच हाही मागवतात. पोलीस अधीक्षक किंवा उपायुक्तांच्या कार्यालयातून मागणी गेली की कंपनी फाईल पाठवते. गृहसचिवाची सही नाही, ६० दिवसांची मुदत नाही. खून, अपहरण, हरवलेलं मूल अशा तपासात हा वेग हवाच, आणि सीडीआरमुळे कितीतरी गुन्हे उलगडतात हेही खरं.

पण सोपी वाट चोरालाही सोपीच. २०१८मध्ये ठाणे पोलिसांनी बेकायदा मिळवलेले सीडीआर विकल्याबद्दल खासगी गुप्तहेरांना अटक केली. नवरा किंवा बायको कोणाशी बोलते, हे कळावं म्हणून लोक त्यासाठी पैसे मोजत होते. टॅपिंगसाठी कोणाला तरी लाईनवर बसावं लागतं. सीडीआरची एक फाईल, ईमेलला जोडली की गेली.