पालथं झोपवा, असं पुस्तकं सांगत होती

डॉ. बेंजामिन स्पॉक यांचं बालसंगोपनावरचं पुस्तक एके काळी अमेरिकेत घरोघरी असायचं. तान्ह्या बाळाला उताणं झोपवावं, असं त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत होतं. १९५६ च्या आवृत्तीत हा सल्ला बदलला आणि बाळाला पालथं, म्हणजे पोटावर झोपवणं बरं, असं आलं. कारण कुणालाही पटेल असंच होतं: उताण्या बाळाला उलटी झाली तर ती घशात अडकून ते गुदमरेल. असं सांगणारे स्पॉक एकटे नव्हते. १९४३ ते १९८८ या काळातल्या अनेक पुस्तकांत हाच सल्ला सापडतो. लाखो आईबापांनी तो विश्वासाने पाळला.

पालथं झोपवलेल्या बाळाला झोपेत अचानक मृत्यू येण्याचा धोका कितीतरी जास्त असतो, हे आज जगभरच्या बालरोगतज्ज्ञांना मान्य आहे. ब्रिटनमध्ये १९९१ च्या डिसेंबरात ‘बॅक टू स्लीप’ मोहीम सुरू झाली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ साली सल्ला बदलला. त्यानंतर काही वर्षांतच या मृत्यूंचं प्रमाण निम्म्यावर आलं. नवं औषध लागलं नाही, नवं यंत्र लागलं नाही. बाळ पाठीवर झोपवलं, एवढंच.

मग हे कळायला इतका उशीर का लागला?

लंडनच्या रूथ गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेला एक आढावा याच प्रश्नाचा माग काढतो. आरोग्यशास्त्रातल्या माझ्या वाचनात इतकं अस्वस्थ करणारं काम क्वचितच आलं आहे. त्यांनी एकाच वेळी दोन वेगळ्या गोष्टी गोळा केल्या. एकीकडे, बाळाची झोपायची स्थिती आणि अचानक मृत्यू यांचा संबंध तपासणारे सगळे अभ्यास. दुसरीकडे, १९४० ते २००२ या काळातली पुस्तकं आणि त्यांत बाळाला कसं झोपवावं म्हणून सांगितलं आहे ते. पुरावा काय म्हणत होता आणि तज्ज्ञ काय म्हणत होते, हे त्यांनी वर्षावार शेजारी शेजारी मांडलं.

१९७० पर्यंतचे अभ्यास एकत्र केले, तर अचानक मृत्यूची शक्यता उताण्यापेक्षा पालथ्या बाळांत जवळजवळ तिप्पट दिसत होती, आणि हा फरक निव्वळ योगायोगाने पडला असेल असं म्हणण्याजोगा नव्हता. म्हणजे आकडे होते. फक्त कुणी ते एकत्र करून पाहिले नव्हते. त्या वर्षी असा आढावा झाला असता, तर एकट्या ब्रिटनमध्ये दहा हजारांहून अधिक आणि युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलेशियात (ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि आसपास) मिळून निदान पन्नास हजार बाळांचे मृत्यू टळू शकले असते, असा गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांचा अंदाज आहे.

वैद्यकात ‘पद्धतशीर आढावा’ म्हटलं की आपल्यासमोर औषधांच्या चाचण्या येतात: सगळ्या चाचण्या शोधायच्या, दर्जा तपासायचा, निष्कर्ष एकत्र करायचे. पण तीच शिस्त मतांना आणि धोरणांनाही लावता येते. पुस्तकातला सल्ला, तज्ज्ञाचा संपादकीय लेख, संघटनेची भूमिका, सरकारी परिपत्रक ही सगळी माहितीच आहे. ती शोधता येते, तारखेनुसार लावता येते, तिचं वजन करता येतं. पुराव्याच्या उतरंडीत तज्ज्ञमत सगळ्यात खाली असतं आणि ते बरोबरच आहे. पण खाली आहे म्हणून त्याकडे बघायचंच नाही, हे मला मान्य नाही. रुग्णापर्यंत जे पोचतं ते बहुतेक वेळा मतच असतं. शोधनिबंध कुणी आईच्या हातात देत नाही.

असं काम करणाऱ्यांसाठी नीट पद्धत तयार करण्यात ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेडच्या जेबीआय (आधीचं नाव जोॲना ब्रिग्ज इन्स्टिट्यूट) या संस्थेचा मोठा वाटा आहे. ही संस्था १९९६ साली सुरू झाली. रॉयल अॅडलेड रुग्णालयाच्या पहिल्या मेट्रन जोॲना ब्रिग्ज यांचं नाव तिला दिलेलं होतं. या संस्थेच्या पद्धतीत आधी प्रोटोकॉल, म्हणजे कामाचा आराखडा, लिहायचा असतो: प्रश्न कोणत्या लोकांबद्दलचा, कोणत्या गोष्टीबद्दलचा, कोणत्या परिस्थितीतला. काय शोधायचं आणि काय वगळायचं हे मतं वाचण्याआधी ठरलं पाहिजे, नाहीतर आपल्याला आवडणारी मतं आपोआप आत येतात. मग दोन जण एकमेकांना न विचारता प्रत्येक मजकूर तपासतात, आणि मतभेद झाला तर चर्चा करतात किंवा तिसऱ्याला विचारतात.

तपासणीचे प्रश्न साधे आहेत. मत कुणाचं, हे स्पष्ट आहे का? त्या व्यक्तीला त्या क्षेत्रात अधिकार आहे का? ज्यांच्याबद्दल बोललं जातंय त्यांचं हित केंद्रस्थानी आहे का? मतामागे युक्तिवाद आहे का? आधीच्या संशोधनाचा उल्लेख आहे का? आणि ते संशोधन वेगळं सांगत असेल, तर आपण वेगळं का म्हणतो हे लिहिलंय का?

स्पॉक यांच्या सल्ल्याला हे प्रश्न लावून बघा. पहिले तीन सहज पार होतात. नाव जगप्रसिद्ध, अधिकार निर्विवाद, बाळाच्या हिताबद्दल शंकाच नाही. चौथ्यावरही बरेच गुण मिळतील, कारण उलटीचा युक्तिवाद ऐकायला बिनतोड आहे. अडतं ते शेवटच्या दोन प्रश्नांवर. सल्ल्यामागे तपासलेला आधार नव्हता. न तपासलेल्या एका कल्पनेवरून पुढचं सगळं ताणलं होतं. पुढे अतिदक्षता विभागांत असं दिसलं की अपुऱ्या दिवसांच्या, श्वासाचा त्रास असलेल्या बाळांना पालथं ठेवलं की ऑक्सिजन सुधारतो. त्याचाही आधार घेतला गेला. पण ती बाळं आजारी होती, आणि डोळ्यांत तेल घालून त्यांच्याकडे बघणारी माणसं शेजारी होती. घरच्या पाळण्यातल्या निरोगी बाळाला तो नियम लावायचं कारण नव्हतं.

आता याच प्रश्नांसमोर दुसरं एक मत ठेवतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने, विशेषतः लहान मुलं, दगावत होती, त्या काळातली ही गोष्ट. बावसकरांनी रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणं टिपली: घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, मग फुप्फुसात पाणी. १९८२ साली त्यांची निरीक्षणं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. विषामुळे शरीरातली उत्तेजक संप्रेरकं उसळतात, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय थकतं, असा त्यांचा तर्क होता. म्हणून रक्तवाहिन्या सैल करणारं प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध द्यावं, असं त्यांनी मांडलं. प्रचलित उपचारांपेक्षा हे वेगळं होतं, आणि वेगळं का हे त्यांनी कारणांसह लिहिलं. एका ग्रामीण डॉक्टरचं हे मत माझ्या हिशेबाने सहाही प्रश्नांवर टिकतं. पुढे २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ७० रुग्णांवरची त्यांची चाचणी आली: प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिलं, तर रुग्ण आणखी लवकर बरे होतात. स्वतःच्या गाजलेल्या उपचारात सुधारणा होऊ शकते का, हे त्यांनी स्वतःच तपासलं. यालाच मी तज्ज्ञ म्हणेन.

मतांची मोजणी करताना एक धोका मला सगळ्यात मोठा वाटतो. दहा पुस्तकं एकच गोष्ट सांगतात तेव्हा ती दहा मतं असतीलच असं नाही. बऱ्याचदा एकाने लिहिलेलं बाकीच्या नऊंनी उचललेलं असतं, आणि वाचणाऱ्याला मात्र सगळ्या तज्ज्ञांचं एकमत दिसतं. त्यामुळे आढावा घेणाऱ्याला प्रत्येक मताची मुळं खणावी लागतात: हे कुणावरून आलं, त्याने कुणावरून घेतलं. एकाच पुस्तकाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या वेगळ्या नोंदवाव्या लागतात, नाहीतर १९५६ सारखा बदल निसटतो. आणि ज्या पुस्तकांनी त्या विषयावर काहीच लिहिलेलं नाही, त्यांचं मौनही नोंदवावं लागतं.

मोठ्या तज्ज्ञांवर हे काम सोपवलं की ते आपोआप चांगलं होतं, असंही नाही. अँडी ऑक्समन आणि गॉर्डन गायट यांनी १९९३ साली दाखवलं की आढावा लिहिणाऱ्याचं त्या विषयातलं ज्ञान जितकं जास्त, तितकी त्याची आधीची मतं पक्की आणि आढाव्यातली शास्त्रीय शिस्त कमी. म्हणून अशा गटात विषय जाणणारा हवा आणि शोधपद्धत जाणणारा, पण त्या विषयात न गुंतलेला माणूसही हवा.

पुरावा आणि पुस्तकं यांतलं असंच अंतर हृदयविकारातही दिसलं. १९९२ साली एलियट अँटमन आणि सहकाऱ्यांनी पाठ्यपुस्तकांतली प्रकरणं आणि तज्ज्ञांचे आढावा-लेख वर्षावार लावले आणि शेजारी चाचण्यांची चढती बेरीज, म्हणजे प्रत्येक नवी चाचणी आधीच्यांत मिळवत नेलेली बेरीज, ठेवली. स्ट्रेप्टोकायनेजसारखी गुठळी विरघळवणारी औषधं हृदयविकाराच्या झटक्यात जीव वाचवतात, हे १९७३ पर्यंतच्या आठ चाचण्यांच्या बेरजेतून दिसत होतं. पुस्तकांत ती शिफारस सर्रास यायला १९८० चं दशक संपत आलं. उलट हृदयाचे ठोके बिघडू नयेत म्हणून लिडोकेन हे औषध झटका आलेल्या सगळ्यांना आधीच द्या, असं पुस्तकं सांगत राहिली; त्याने मृत्यू कमी होतात याचा पुरावा चाचण्यांत नव्हता.

धोरणांचा आढावा त्याहून अवघड. पुस्तकावर लेखकाचं नाव तरी असतं. परिपत्रकाखाली समिती असते, आत कुणाचा विरोध होता ते कळत नाही, आणि नवी आवृत्ती संकेतस्थळावर चढली की जुनी गायब होते. कोविडमधल्या प्लाझ्मा उपचाराचं, म्हणजे बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला द्रव रुग्णाला देण्याचं, उदाहरण ताजं आहे. महाराष्ट्राने २०२० च्या जूनमध्ये ‘प्लॅटिना’ हा मोठा प्रकल्प सुरू केला. त्या वेळी पुरावा अपुरा होता आणि माणसं मरत होती; त्या घाईला मी दोष देणार नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची ३९ रुग्णालयांतल्या ४६४ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली: प्लाझ्माने मृत्यू किंवा आजाराचं गंभीर होणं टळत नव्हतं. राष्ट्रीय उपचार-सूचनांतून प्लाझ्मा वगळला गेला मे २०२१ मध्ये. मधले सात महिने घरोघरचे नातेवाईक दाते शोधत फिरत होते. धोरणाचा आढावा घेणाऱ्याने नेमकं हेच अंतर मोजायचं असतं, आणि ते का पडलं याची कारणं कागदांतून काढायची असतात.

असं एक काम मराठीत व्हावं, असं मला फार वाटतं. आपल्याकडे गर्भवती आणि बाळंतिणीसाठी लिहिलेली पुस्तकं, मासिकांतले डॉक्टरांचे लेख, आरोग्य खात्याच्या पुस्तिका कित्येक दशकांच्या आहेत. जन्मानंतरचा चीक बाळाला द्यावा की काढून टाकावा, घुटी केव्हापासून, काजळ घालावं का, वरचं अन्न कोणत्या महिन्यात, यावर त्यांनी काय सांगितलं आणि कोणत्या आधारावर? यात तारीख जपावी लागेल. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आधी चार ते सहा महिने निव्वळ स्तनपानाची होती. पद्धतशीर आढाव्यानंतर, २००१ साली, ती पूर्ण सहा महिन्यांची झाली. म्हणजे १९९० मधल्या पुस्तकात चौथ्या महिन्यापासून वरण-भाताचं पाणी सांगितलं असेल, तर तो लेखक त्या दिवशीच्या शिफारशीच्या सोबतच होता. तेच वाक्य २०१० च्या आवृत्तीत तसंच राहिलं असेल, तर त्याची नोंद वेगळ्या रकान्यात व्हायला हवी. सुरुवात मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या ग्रंथालयांतून करता येईल. एक बालरोगतज्ज्ञ, एक ग्रंथपाल आणि चिकाटीने वाचणारे दोन विद्यार्थी एवढ्यांवर हे काम उभं राहू शकतं.