मेंदू संशोधनाचा सार्वजनिक निधी आणि मेंदू-प्रतिमांकन : नागपूर व विदर्भ

मेंदू व मज्जासंस्था यांच्या संशोधनासाठी शासकीय तिजोरीतून दिला जाणारा पैसा, तसेच जिवंत मेंदूची रचना व कार्य पाहण्यासाठी त्या पैशातून विकसित केलेली किंवा विकत घेतलेली साधने, हा या नोंदीचा विषय आहे. नागपूर हे मध्य भारतातील मेंदूविकारांच्या उपचारांचे मोठे केंद्र असून विदर्भाबरोबरच छिंदवाडा, बालाघाट, राजनांदगाव, आदिलाबाद अशा शेजारच्या राज्यांतील जिल्ह्यांतूनही रुग्ण येथे येतात. त्यामुळे येथे यंत्रांवरील खर्च बराच झाला आहे. मात्र तो बहुतांशी उपचाराच्या शीर्षाखाली झाला. संशोधनाचा निधी वेगळ्या वाटेने आणि पुष्कळ कमी प्रमाणात आला. या दोन प्रवाहांतील फरक लक्षात घेतल्याशिवाय नागपूरचे या क्षेत्रातील स्थान नीट कळत नाही.

प्रतिमांकनाच्या इतिहासात सार्वजनिक पैसा आणि खाजगी उद्योग यांची सरमिसळ सुरुवातीपासून दिसते. सीटी स्कॅनचे श्रेय ब्रिटनच्या ईएमआय कंपनीतील अभियंता गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांना दिले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु पहिल्या यंत्रांचा खर्च उचलण्यात ब्रिटिश शासनाच्या आरोग्य खात्याचा मोठा वाटा होता. १९७१ मध्ये लंडनच्या ॲटकिन्सन मोर्ली रुग्णालयात या पद्धतीने प्रथमच एका रुग्णाच्या मेंदूचे छेदचित्र मिळाले आणि १९७९ मध्ये हाउन्सफील्ड यांना ॲलन कॉरमॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. चुंबकीय अनुस्पंदनावर आधारलेल्या एमआरआयची मूळ कल्पना पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये विद्यापीठात मांडली, तर पीटर मॅन्सफील्ड यांनी नॉटिंगहॅम विद्यापीठात तिला वेग दिला. या दोघांना २००३ मध्ये नोबेल मिळाले. कार्यरत मेंदूतील रक्तप्रवाहाच्या बदलांवरून मेंदूच्या हालचाली टिपणारी फंक्शनल एमआरआय ही पद्धत मात्र ज्या शोधावर उभी आहे, तो सेइजी ओगावा यांनी १९९० च्या सुमारास एका खाजगी कंपनीच्या, बेल लॅबोरेटरीजच्या, प्रयोगशाळेत लावला. त्यामुळे शासनाशिवाय नवे साधन निर्माणच होत नाही, असे म्हणता येणार नाही. शासनाचा वाटा मुख्यतः दोन टप्प्यांवर निर्णायक ठरतो : बाजारात कोणी गिऱ्हाईक नसते तेव्हाचा प्रारंभीचा टप्पा, आणि यंत्र तयार झाल्यावर त्याच्या साहाय्याने मूलभूत प्रश्न विचारण्याचा पुढचा, अधिक लांबणारा टप्पा.

एकविसाव्या शतकात या क्षेत्रात राष्ट्रीय पातळीवरचे मोठे प्रकल्प सुरू झाले. अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बराक ओबामा यांनी २ एप्रिल २०१३ रोजी ‘ब्रेन इनिशिएटिव्ह’ जाहीर केले. मेंदूतील पेशींची जाळी पाहण्याची व नोंदवण्याची नवी साधने घडवणे हा त्याचा मुख्य उद्देश होता. त्याच वर्षी युरोपीय संघाचा ‘ह्यूमन ब्रेन प्रोजेक्ट’ सुरू झाला आणि २०२३ मध्ये संपला; जपाननेही २०१४ मध्ये आपला स्वतंत्र प्रकल्प हाती घेतला. फळमाशीच्या प्रौढ मेंदूतील सुमारे १,३९,००० चेतापेशींचा जोडणी-नकाशा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यामागे अमेरिकेच्या या निधीचा आधार होता. फ्रान्सच्या अणुऊर्जा आयोगाने बांधलेल्या ११.७ टेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राची तीव्रता मोजण्याचे एकक) क्षमतेच्या एमआरआय यंत्राने त्याच वर्षी मानवी मेंदूच्या प्रतिमा मिळवल्या. त्यातील चुंबकाचे वजन १३० टनांहून अधिक आहे. असा निधी कायमचा नसतो, हेही त्याच वर्षी दिसले. ‘ब्रेन इनिशिएटिव्ह’ची वार्षिक तरतूद २०२३ मधील ६८ कोटी डॉलरवरून २०२४ मध्ये सुमारे ४० कोटी डॉलरवर आली.

भारतात मेंदू संशोधनाला पैसा अनेक खात्यांतून मिळतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर), जैवतंत्रज्ञान विभाग आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभाग हे त्याचे मुख्य स्रोत होत. जैवतंत्रज्ञान विभागाने हरियाणातील मानेसर येथे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र उभारले आणि २००३ मध्ये राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते ते राष्ट्राला अर्पण झाले. बेंगळुरूची निम्हान्स ही संस्था उपचार आणि संशोधन या दोन्ही अंगांनी देशात अग्रस्थानी मानली जाते. संशोधन व विकासावरील देशाचा एकूण खर्च २०२०-२१ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता, यावरून मेंदू संशोधनाच्या वाट्याला येणाऱ्या रकमेची मर्यादा लक्षात येते. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये उभे करण्याचे जाहीर झाले. तथापि त्यातील बहुतांश रक्कम शासनाबाहेरून येणे अपेक्षित धरलेले आहे.

प्रकल्पनिधीची रचनाही समजून घेणे आवश्यक आहे. मंजूर रकमेचे अनावर्ती व आवर्ती असे दोन भाग असतात. पहिल्यात उपकरणे येतात. दुसऱ्यात संशोधन छात्रांचे विद्यावेतन, रसायने, प्रवास, देखभाल इत्यादी. प्रकल्पाची मुदत साधारणतः तीन वर्षांची असते आणि उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे आधीची रक्कम ठरलेल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, सादर झाल्याशिवाय पुढचा हप्ता मिळत नाही. मुदत संपली की उपकरण विभागात राहते, ते चालवायला शिकलेला छात्र मात्र निघून जातो. राज्य विद्यापीठे व शासकीय वैद्यकीय महाविद्यालये यांच्या बाबतीत ही अडचण, यंत्राच्या किमतीपेक्षाही, अधिक जाचक आहे.

नागपूरचे नाव जागतिक मेंदूविज्ञानात ज्या एका कारणाने कायमचे नोंदले गेले, त्याचा प्रतिमांकनाशी प्रारंभी काहीच संबंध नव्हता. १९६५ मध्ये नागपुरात तापाची साथ चालू असताना पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) शास्त्रज्ञांनी रुग्णांच्या रक्तातून एक अपरिचित विषाणू वेगळा केला आणि त्याला चांदीपुरा या स्थानाचे नाव दिले. रेबीजच्याच कुळातील हा विषाणू सँडफ्लाय, म्हणजे वाळूमाशी, या कीटकाकडून पसरतो. जवळजवळ चार दशके त्याला फारसे महत्त्व मिळाले नाही. २००३ मध्ये आंध्र प्रदेश व महाराष्ट्रात मुलांमध्ये मेंदूज्वराची भीषण साथ आली, ताप येऊन आकडी व बेशुद्धी आणि एक-दोन दिवसांत मृत्यू असा तिचा क्रम होता, आणि तेव्हा हाच विषाणू पुन्हा समोर आला. २००७ मध्ये नागपूर विभागातही त्याची साथ नोंदली गेली. या विषाणूच्या बाबतीत प्रतिमांकनाने वाद मिटवला नाही, उलट निर्माण केला : आंध्रातील मुलांच्या सीटी स्कॅनवरून काही बालरोगतज्ज्ञांनी २००४ मध्ये असे मत मांडले की हा रूढ अर्थाने मेंदूज्वर नसून मेंदूतील एका प्रमुख रक्तवाहिनीच्या क्षेत्रातील रक्तपुरवठा अचानक खंडित होण्याचा प्रकार असावा. ज्या खेड्यापाड्यांतून हे रुग्ण येतात तेथून स्कॅनच्या यंत्रापर्यंत पोचण्यातच निर्णायक तास निघून जातात, हे लक्षात घेतले तर पुरेशा प्रतिमा मिळणे का अवघड आहे ते कळते. निर्णायक ठरला तो १९६५ साली, तातडीचा उपयोग दिसत नसताना, जपून ठेवलेला विषाणूचा नमुना व त्याची नोंद.

विदर्भाच्या दुसऱ्या एका मेंदूविषयक प्रश्नावरचा खर्च तर आरोग्य खात्याच्या हिशेबात सापडणारच नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली भागांत धानाच्या बांधीत घेतली जाणारी लाखोळी ही डाळ दीर्घकाळ प्रमुख अन्न म्हणून खाल्ल्यास पायांतील शक्ती जाऊन लॅथिरिझम हा पंगुत्वाचा विकार होतो. त्याला कारणीभूत असलेले विषद्रव्य बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राव, अडिगा व सर्मा यांनी १९६४ मध्ये वेगळे केले. लाखोळीच्या विक्रीवर १९६१ मध्ये केंद्रीय नियमांनी बंदी आली होती. ती उठवावी यासाठी नागपुरातून प्रदीर्घ आंदोलन चालले. विषद्रव्याचे प्रमाण कमी असलेले ‘रतन’ व ‘प्रतीक’ यांसारखे वाण कृषी संशोधनाच्या निधीतून तयार झाले. मज्जासंस्थेच्या एका विकाराला आळा घालणारे हे काम निखळ मेंदू संशोधनाच्या कोणत्याही यादीत धरले जात नाही, ही खेदाची बाब आहे.

नागपुरातील संस्थांचा विचार करता, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात मेंदूतील न्यूरोपेप्टाइडे (चेतापेशींमध्ये संदेश वाहणारे प्रथिनसदृश लहान रेणू) आणि भूक, नैराश्य, व्यसन यांचा संबंध प्राण्यांवरील प्रयोगांतून अभ्यासला गेला. सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस या न्यासाच्या रुग्णालयातील प्रयोगशाळेने क्षयजन्य मेंदूज्वराचे निदान पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यावरून लवकर करण्याच्या चाचण्यांवर दीर्घकाळ काम केले. या दोन्ही ठिकाणची साधने साधी होती : सूक्ष्मदर्शक, ऊतींचे पातळ छेद, प्रतिपिंडे व रसायने.

मोठी प्रतिमांकन यंत्रे रुग्णालयांत आहेत. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १९४७), ज्याला सारे नागपूर ‘मेडिकल’ म्हणते, त्याचे सुपरस्पेशालिटी रुग्णालय, ‘मेयो’ म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, आणि मिहानमधील एम्स ही त्यांतील सार्वजनिक केंद्रे होत. एम्स प्रधानमंत्री स्वास्थ्य सुरक्षा योजनेतून उभे राहिले. २०१८ मध्ये तेथील पहिली तुकडी सुरू झाली आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे औपचारिक लोकार्पण झाले. अशा रुग्णालयांतील एमआरआयची पहिली जबाबदारी अपघात, पक्षाघात व गाठींचे रुग्ण तपासण्याची असते आणि तीच असायला हवी. संशोधनासाठी निरोगी स्वयंसेवकाला तासभर यंत्रात झोपवून त्याला चित्रे दाखवणे किंवा शब्द ऐकवणे यासाठी यंत्राची राखीव वेळ, नैतिकता समितीची मान्यता, भौतिकशास्त्र जाणणारा तंत्रज्ञ आणि मिळालेल्या माहितीचे विश्लेषण करणारा संख्याशास्त्रज्ञ लागतो. यंत्राच्या निविदेत यांपैकी एकही गोष्ट विकत मिळत नाही.

किमतीचा प्रश्न सोडवण्याचा एक प्रयत्न देशी यंत्रांच्या रूपाने झाला आहे. बेंगळुरूच्या व्हॉक्सेलग्रिड्स या कंपनीने १.५ टेस्ला क्षमतेचे एमआरआय यंत्र तयार केले. त्याच्या सुमारे १७ कोटी रुपये खर्चापैकी १२ कोटी केंद्र शासनाच्या राष्ट्रीय बायोफार्मा अभियानातून आले आणि २०२३ मध्ये दिल्लीत त्याचे अनावरण झाले. या कंपनीचे यंत्र पुढे विदर्भातच, चंद्रपूर येथील कर्करोग रुग्णालयात, बसवण्यात आले. मुंबईच्या ‘समीर’ या केंद्र शासनाच्या संस्थेने विकसित केलेले १.५ टेस्लाचे यंत्र चाचण्यांसाठी दिल्लीच्या एम्समध्ये बसवण्याचे २०२५ मध्ये ठरले.

विदर्भाच्या दृष्टीने याहून साधे एक साधन अधिक तातडीचे आहे. सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार येथे मोठ्या प्रमाणावर आढळतो आणि त्यात मुलांना पक्षाघाताचा धोका असतो. कवटीवरून मेंदूतील रक्तप्रवाहाचा वेग मोजणाऱ्या डॉप्लर तपासणीत हा वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा अधिक आढळल्यास नियमित रक्तसंक्रमणाने पक्षाघाताचा धोका सुमारे ९० टक्क्यांनी कमी होतो, हे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व अमेरिकन शासनाच्या निधीतून झालेल्या चाचणीने दाखवले. ती चाचणी प्रामुख्याने आफ्रिकी वंशाच्या मुलांवर झाली होती. भारतातील सिकलसेलचा जनुकीय प्रकार वेगळा आहे. तो सौम्य समजला जाई, परंतु नागपुरातील अभ्यासांतून विदर्भातल्या अनेक मुलांमध्ये आजार तीव्र असल्याचे पुढे आले. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा भर रक्ततपासणीवर आहे. वेगाची हीच मर्यादा येथील मुलांना लागू पडते का, हे ठरवण्यासाठी लागणारे डॉप्लर यंत्र एमआरआयच्या किमतीच्या अल्पांशात मिळते. खर्चाचा मोठा भाग मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणाऱ्या मनुष्यबळावर, म्हणजे आवर्ती शीर्षाखाली, पडतो.