उंदीर निम्मे केले तर लागण किती घटते?

खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेताच्या, बांधात घुशींची बिळं दिसू लागली की गावात एकच उपाय निघतो: औषध घाला, घुशी कमी करा, रोगराई आपोआप कमी होईल. रानउंदरांतल्या विषाणूचं गणित मांडणारा मात्र आधी विचारतो, लागण घनतेवर चालते की प्रमाणावर?

घनतेवरची लागण म्हणजे जत्रेतली रेटारेटी. माणसं दुप्पट, तर प्रत्येकाला बसणारे धक्के दुप्पट. प्रमाणावरची म्हणजे दोघींची फुगडी. अंगणात दहा जणी असोत की पन्नास, हात धरायचे ते एकीचेच. ती बाधित असण्याची शक्यता किती, एवढाच प्रश्न.

समीकरणात फरक एका भागाकाराचा. घनतेच्या सूत्रात निरोगी गुणिले बाधित; प्रमाणाच्या सूत्रात तोच गुणाकार एकूण संख्येने भागलेला. समजा, 100 उंदरांत 20 बाधित आहेत. पहिला आकडा 80 × 20 = 1600, दुसरा 16. (या आकड्यांना ज्याने गुणून खरी लागण काढतात तो संसर्ग-गुणक दोन्हींत वेगळा असतो, तेव्हा 1600 आणि 16 यांची आपसांत तुलना नको.) आता सरसकट निम्मे उंदीर मारले: 40 निरोगी, 10 बाधित. पहिला आकडा 400, म्हणजे चौथाई. दुसरा 8, म्हणजे निम्मा. पण निरोगी उंदीरही निम्मेच उरलेत, म्हणजे त्यांतल्या प्रत्येकाचा धोका तसूभरही घटला नाही! पहिल्या प्रकारात संख्या एका मर्यादेखाली गेली की साथ विझते; दुसऱ्यात अशी मर्यादाच नाही.

केर्मॅक आणि मॅकेंड्रिक या साथींचं गणित मांडणाऱ्या दोघा संशोधकांनी 1927 साली मुंबईच्या 1905-06 मधल्या प्लेगच्या मृत्यूंवर लावून पाहिलेलं गणित पहिल्या घराण्यातलं. (प्लेग जिवाणूचा, पण उंदरांशी नातं तेच.) संख्या स्थिर असेल तर दोन्ही सूत्रं सारखीच उत्तरं देतात, आणि घोळ होतो तो इथेच. रानात संख्या स्थिर नसते. ब्रिटनमधल्या रानउंदरांतल्या काउपॉक्स (गाईंची देवी) विषाणूवर 1999 मध्ये झालेल्या अभ्यासात प्रमाणाचं सूत्र जास्त जुळलं. 2009 च्या दुसऱ्या अभ्यासात उत्तर दोहोंच्या मधलं आलं. मला हे मधलं उत्तरच पटतं. बिळात दाटी झाली की अंगाला अंग लागतं, पण हद्दीवरून चावे घेणारे नर ठरावीकच.

म्हणून आपल्याकडच्या घुशींसाठी कुणी असं गणित मांडायचं ठरवलं, तर कापणीनंतरची एकच मोजणी पुरणार नाही. पावसात बिळांत पाणी शिरल्यावर आणि ऐन उन्हाळ्यातही सापळे लावून, खूण करून, सोडून पुन्हा धरावं लागेल.