शॉटचा उतारा आणि उंच सेंटर (बास्केटबॉल)

शॉटचा उतारा म्हणजे बास्केटबॉलमध्ये मारलेल्या प्रत्येक शॉटमागे सरासरी किती गुण हाती लागले, त्याचे माप. मराठीत यासाठी रुळलेला शब्द नाही. ‘नेमबाजी’ म्हटले की बंदूक डोळ्यांपुढे येते. खानदेशात मात्र कापसाच्या बोलण्यात हीच कल्पना रोज असते. घरात 40 क्विंटल कापूस आला, एवढ्यावर कोणी भाळत नाही. पुढचा प्रश्न ठरलेला असतो, एकरी उतारा किती? 30 गुण करणाऱ्या खेळाडूलाही तोच प्रश्न विचारावा लागतो: ते 20 शॉटमध्ये केले की 35? उंच सेंटरला, म्हणजे रिंगजवळ खेळणाऱ्या, सहसा संघातल्या सर्वात उंच खेळाडूला, व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये एवढा भाव का, हे याच हिशेबातून कळते.

शॉटची साधी टक्केवारी फसवी असते, कारण तिला 2 गुणांची बास्केट आणि 3 गुणांची बास्केट सारखीच दिसते. म्हणून 3 गुणांची बास्केट दीडपट धरतात: 10 शॉटपैकी 4 पडले आणि त्यांतले 2 लांबून असतील, तर उतारा 40 ऐवजी 50 टक्के, म्हणजे शॉटमागे 1 गुण, होतो. फ्री थ्रोही (फाऊल झाल्यावर मिळणारे, कोणी न अडवता मारायचे 1 गुणाचे शॉट) धरायचे असतील, तर त्यांच्या संख्येला 0.44 ने गुणून शॉटमध्ये मिळवतात. फाऊलवर सहसा दोन फ्री थ्रो एकत्र मिळतात आणि कधी पडलेल्या बास्केटवर एक जादाचा, म्हणून पूर्ण 1 धरत नाहीत. सेंटर विल्ट चेंबरलेनने 2 मार्च 1962 रोजी एका सामन्यात 100 गुण केले तेव्हा 63 शॉट आणि 32 फ्री थ्रो घेतले होते. या रीतीने ते सुमारे 77 प्रयत्न भरतात, म्हणजे प्रयत्नामागे 1.3 गुण. शंभरचा आकडा सगळ्यांना पाठ असतो; हा 1.3 सहसा कोणी सांगत नाही.

रिंग जमिनीपासून 3.05 मीटरवर असते. तिच्या जितके जवळ, तितका चेंडू पडण्याचा भरवसा जास्त, आणि जवळ जाऊन वरून टाकणे उंच माणसाला सोपे. जुन्या काळातला उताऱ्याचा हिशेब इथेच संपत होता. अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक लीगच्या नियमांचा इतिहास त्यामुळे बराचसा उंच माणसाला रिंगखालून हुसकावण्याचा आहे. ज्या पट्ट्यात हल्ला करणाऱ्याला 3 सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही, तो जॉर्ज मायकन या उंच सेंटरमुळे 1951 मध्ये 6 फुटांवरून 12 फूट रुंद केला गेला. चेंबरलेनच्या काळात, 1964 मध्ये, तो 16 फूट झाला.

तरी विजेतेपदे नुसत्या गुणांवर मिळाली नाहीत. 1961–62 च्या हंगामात चेंबरलेनची सरासरी सामन्यामागे 50.4 गुण होती; विजेता ठरला बोस्टन सेल्टिक्स. त्यांचा सेंटर बिल रसेल याच्या नावावर 13 हंगामांत 11 विजेतेपदे आहेत, आणि कारकिर्दीतली त्याची सरासरी जेमतेम 15. त्याने समोरच्यांचा उतारा पाडला. ब्लॉक केलेला चेंडू प्रेक्षकांत भिरकावण्यापेक्षा तो आपल्याच गड्याकडे वळवत असे.

सेंटर शकील ओनील हा शुद्ध ताकदीचा नमुना. लॉस एंजेलिस लेकर्स या संघाला त्याने 2000 ते 2002 सलग 3 विजेतेपदे मिळवून दिली. कारकिर्दीत त्याचे 58.2 टक्के शॉट पडले, म्हणजे शॉटमागे 1.16 गुण. फ्री थ्रो मात्र 52.7 टक्के, म्हणजे दोन फ्री थ्रोंचे 1.05 गुण, म्हणून प्रतिस्पर्धी त्याला मुद्दाम फाऊल करत. वाचणाऱ्या गुणाच्या दहाव्या हिश्शासाठी फाऊल खर्ची घालणे हा तसा महागच सौदा.

पुढे गणित बदलले ते 3 गुणांच्या रेषेने. एनबीएत ती 1979 मध्ये आली; मधोमध ती 7.24 मीटरवर, कोपऱ्यात 6.71 मीटरवर आहे. रेषेबाहेरून 100 पैकी 36 शॉट पडले की 108 गुण होतात. तेवढेच गुण रेषेच्या एक पाऊल आतून करायचे तर 54 पाडावे लागतात. हे संघांच्या पचनी पडायला तीसेक वर्षे गेली. 2015 च्या अंतिम मालिकेत 1–2 असे मागे पडल्यावर गोल्डन स्टेट वॉरियर्सने सेंटर अँड्र्यू बोगटला सुरुवातीच्या पाचांतून काढून त्याच्यापेक्षा कमी उंचीच्या आंद्रे इग्वोडालाला घेतले, आणि पुढचे तिन्ही सामने जिंकून विजेतेपद मिळवले. उंच माणसाचे दिवस सरले, असे तेव्हा छातीठोक सांगितले गेले. ते खोटे ठरले. 2021 मध्ये उंचपुऱ्या यानिस अँटेटोकुम्पोने अंतिम मालिकेच्या निर्णायक सामन्यात 50 गुण केले. 2023 मध्ये सेंटर निकोला योकिचने डेन्व्हरच्या संघाला पहिले विजेतेपद दिले. योकिच रिंगपासून दूर उभा राहून पास देतो, म्हणजे स्वतःबरोबर इतरांचाही उतारा वाढवतो. 2014 मध्ये एनबीएच्या संघांनी नवे खेळाडू निवडले तेव्हा त्याचा क्रमांक 41 वा होता.

खानदेशात पोरगा अंगाने वाढला की त्याला थेट रिंगखाली उभा करतात. उन्हाळ्यात पारा 45 अंशांकडे जातो आणि दिवसभर तापलेले सिमेंटचे मैदान संध्याकाळी सातलाही बुटातून चटके देते. अशा वेळी ‘लंबू, तू आठेच ऱ्हाय’ (इथेच राहा) हे त्यालाही सोयीचे वाटते. पाच वर्षांनी त्याला ना ड्रिबल येते, ना पास. शिवाय त्याचा उतारा कोणाला ठाऊक नसतो, कारण आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या स्कोअरशीटवर पडलेली बास्केट आणि फाऊल यांची नोंद होते. हुकलेल्या शॉटला रकानाच नाही. ते मोजायचे तर राखीव खेळाडूंच्या बाकावर बसलेल्या पोराच्या हाती शंभरपानी वही द्यावी लागते: पडला की उभी रेघ, हुकला की फुली.