एंडोमेट्रिओसिस: प्रतिकारशक्ती कमी पडत नाही, वाट चुकते

पाळीचे सगळे रक्त खाली वाहून जात नाही. थोडे गर्भनलिकांतून उलटे पोटात उतरते. गर्भनलिका मोकळ्या असलेल्या स्त्रियांची पाळीच्या सुमारास दुर्बिणीतून तपासणी केली, तेव्हा 100 पैकी सुमारे 90 जणींच्या पोटात हे रक्त सापडले. त्यासोबत गर्भाशयाच्या अस्तराचे जिवंत तुकडेही जातात आणि तेच बाहेर रुजून एंडोमेट्रिओसिस होतो, असे अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन सॅम्पसन यांनी 1927 मध्ये मांडले. मग हा आजार दहापैकी साधारण एकीलाच का होतो?

उत्तराचा मोठा भाग ओटीपोटातल्या द्रवात आहे. त्यात मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी, सतत फिरत असतात. मेलेल्या पेशी आणि सांडलेले रक्त गिळणे हे त्यांचे काम. या आजारात त्यांची संख्या वाढते, पण गिळण्याची ताकद घटते. कचरा ओळखून पकडणारे सीडी36 हे प्रथिन त्यांच्या पृष्ठभागावर कमी झालेले असते. बिघडलेल्या पेशींना मारणाऱ्या नॅचरल किलर पेशीही मंदावलेल्या आढळतात.

खरा घोटाळा पुढे आहे. रुजलेला तुकडा दर महिन्याला रक्तस्राव करतो. मॅक्रोफेजना ती जखम वाटते आणि त्या ती भरून काढू लागतात. नव्या रक्तवाहिन्या फुटाव्यात म्हणून व्हीईजीएफ हे वाढीचे प्रथिन सोडतात, त्यामुळे तुकड्याला रक्तपुरवठा मिळतो. त्यांनी सोडलेले आयजीएफ-1 हे दुसरे वाढीचे प्रथिन मज्जातंतूंना वाढवते आणि संवेदनशील करते, म्हणून दुखणे तुकड्याच्या आकाराच्या मानाने कितीतरी जास्त असू शकते. छोटे डाग असलेली बाई कळवळत असेल, तर ती नाटक करत नसते.

याच दाहात प्रोस्टाग्लँडिन ई2 हे वेदना आणि दाह वाढवणारे रसायन तयार होते. ते अ‍ॅरोमॅटेज हे विकर जागे करते, विकर तुकड्यातच इस्ट्रोजेन बनवते आणि इस्ट्रोजेन आणखी प्रोस्टाग्लँडिन बनवायला लावते. हे चक्र स्वतःच स्वतःला पोसते. प्रतिकारयंत्रणेतला बिघाड आधीचा की आजारामुळे आलेला, हे मात्र अजून ठरलेले नाही.

म्हणून ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा सल्ला आणि त्यासाठीचे काढे इथे गैरलागू आहेत. नुसती दाबूनही भागत नाही: दाह वाढवणाऱ्या टीएनएफ-अल्फाला अडवणारे इन्फ्लिक्सिमॅब खोलवर रुजलेल्या आजारात वापरून पाहिले, 2008 मध्ये आलेल्या त्या छोट्या चाचणीत वेदना प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नकली उपचारापेक्षा, जास्त कमी झाल्या नाहीत.

उपयोगी पडते ते हे चक्र तोडणारे औषध. डायनोजेस्ट 2 मिलिग्रॅम रोज, खंड न पाडता घेतले की बीजकोशातले इस्ट्रोजेन कमी होते आणि अनेकींची पाळी हळूहळू कमी होते किंवा थांबते. सुरुवातीचे काही महिने अधूनमधून डाग पडतात, तेवढ्यावरून गोळी सोडू नये. मेफेनॅमिक अ‍ॅसिडसारखी वेदनाशामके नवे प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाहीत, पण आधी बनलेले पुसत नाहीत. त्यामुळे पहिली कळ येताच जेवणानंतर घ्यावीत. अल्सर, दमा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच. शस्त्रक्रियेने तुकडे निघतात, पोटातले वातावरण तेच राहते, म्हणून अनेकींना पुन्हा त्रास होतो.

आणि सोनोग्राफी. बीजकोशातली चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ, तिच्यात चांगली दिसते. पोटाच्या आवरणावरचे उथळ डाग बहुधा दिसत नाहीत. पाळीत शाळा-कामाला खाडा पडत असेल, संबंधांच्या किंवा शौचाच्या वेळी दुखत असेल, तर रिपोर्ट नॉर्मल असला तरी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे ‘एंडोमेट्रिओसिस असू शकतो का?’ असे थेट विचारावे.