राखेखालची आच : निहारीची पार्श्वभूमी

रात्री बाजार आवरला की जुन्या नाशकात, दूध बाजार आणि चौक मंडईच्या बाजूला, निहारीची, म्हणजे रात्रभर मंद आचेवर शिजणाऱ्या मांसाच्या रस्स्याची, देग चढते. कोळसा आधी पूर्ण लाल होऊ द्यायचा, मग त्या लाल निखाऱ्यांवर हातानं राख पसरायची. नवख्या माणसाला वाटतं, आता आग विझली. ती विझत नाही, तिला हवा कमी मिळते आणि ती दमानं जळते. नळ्या आणि पोटरीचं मांस घातलेल्या देगीचं तोंड कणकेनं लिंपतात, झाकणावरही चार निखारे ठेवतात आणि पहाटेपर्यंत तिला कुणी हात लावत नाही.

आपल्या वाड्यांमध्ये गॅस येण्याआधी घरोघरी शेगडी होती. रात्री निखारे राखेखाली ओढून त्यावर दुधाचं पातेलं ठेवायची आजीची रीत आणि ही रीत एकच आहे. लाकडाच्या जाळात धूर आणि भडका असतो. कोळसा म्हणजे अपुऱ्या हवेत जाळून पाणी आणि धूर आधीच घालवलेलं लाकूड. चार किलो लाकडामागे जेमतेम किलोभर उरतो, पण मग तासन्‌तास एकसारखी आच देतो. (बंद खोलीत मात्र हीच आच जीव घेते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून शेगडी नेहमी उघड्यावर.)

एवढा वेळ का लागतो, याचं उत्तर जनावरात आहे. आयुष्यभर नांगर, मोट, गाडी ओढलेल्या जनावराच्या पायांत कोलॅजन नावाचं चिवट प्रथिन साठलेलं असतं. मोठ्या जाळावर ते आक्रसतं आणि मांस चामड्यासारखं होतं. साधारण सत्तर अंश सेल्सिअसच्या पुढे, उकळी फुटू न देता, कित्येक तास ठेवलं तर तेच विरघळून जिलेटिन होतं आणि रस्सा ओठांना चिकटायला लागतो. कोवळ्या जनावराला या खटाटोपाची गरज नाही. मंद आचेची ही सगळी विद्या राबून थकलेल्या जनावरासाठी घडली, असं माझं ठाम मत आहे.

या मुलखात गाईबैलांचं मांस खाणं मुसलमानी अंमलाच्याही फार आधीचं आहे. नाशिकची गोदाकाठची मातीची गढी आणि संगमनेरजवळचं जोर्वे इथे १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या जोर्वे संस्कृतीचं नाव त्यातूनच रूढ झालं. याच संस्कृतीच्या, पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला गाईबैलांची हाडं भरपूर सापडली. त्यांवर कापल्याच्या खुणा आहेत आणि काही भाजलेली आहेत. पुढे पांडवलेण्यांत क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात तीन लाख गाई दान दिल्याचं शिलालेखात कोरून ठेवतो. पोटात गेलेलं जनावर आणि पुण्यासाठी दान दिलेलं जनावर, दोन्ही याच मुलखातली.

निहारी हा शब्द अरबी ‘नहार’वरून आला, म्हणजे दिवस, सकाळ. दिल्ली आणि लखनौच्या मुघल परंपरेतला हा सकाळचा पदार्थ, थंडीत अंगमेहनत करणाऱ्याला दुपारपर्यंत तग धरायला लावणारा. मुघलांच्या काळात नाशिकचं नाव गुलशनाबाद होतं. बडी दर्गा, काजीपुरा, कोकणीपुरा या वस्त्यांमधून त्या काळाची आठवण अजून चालते. जिल्ह्यात या चवीला खरा आधार मिळाला तो मालेगावात. १८५७ च्या उठावानंतर मऊ, आझमगड, बनारसकडचे मोमीन विणकर आग्रा रोडनं खाली उतरले आणि मोसम नदीच्या काठी स्थिरावले. हातमागाच्या जागी यंत्रमाग आले, यंत्रमागाबरोबर रात्रपाळी आली. रात्रभर खडखडाटात उभं राहून सकाळी बाहेर पडलेल्या माणसाला स्वस्त, गरम आणि पोटाला धरून राहणारं काही हवं असतं. ‘बडे का’, म्हणजे मोठ्या जनावराचं मांस, बकऱ्याच्या मटणापेक्षा कितीतरी स्वस्त. देवळालीच्या छावणीतल्या गोऱ्या पलटणीही बीफ खात, पण त्यांचं रोस्ट आणि स्ट्यू छावणीच्या भटारखान्यातलं. त्याचा या देगीशी संबंध नाही.

दुसरा धागा गावकुसाबाहेरचा आहे आणि तो चवीच्या कौतुकात बुडवून सांगता येत नाही. मेलेलं जनावर ओढून नेणं हे महार समाजावर लादलेलं काम होतं आणि त्याचं मांस हा त्या कामाचा मोबदला मानला जाई. ते एका दिवसात संपत नसे. मग लांब पट्टे कापून, मीठ-हळद लावून ते दोरीवर वाळवत. या चान्या पावसाळ्यात गोवरीच्या धगीवर सावकाश मऊ करून खात. मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायचं आवाहन केलं. २ मार्च १९३० ला नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ ही घोषणा झाली. ज्या घरांनी तेव्हा ते मांस टाकलं, त्यांनी भुकेच्या दिवसांत टाकलं. निहारीबद्दल लिहिताना मला हे विसरता येत नाही.

मग कायदा. १९७६ च्या महाराष्ट्र प्राणी रक्षण कायद्यानं गाय कापायला बंदी केली. बैल आणि म्हैस यांना सरकारी दाखला लागे. दाखला कुठल्या जनावराला? जे कामाला, वेताला किंवा दुधाला परवडेनासं झालंय त्याला. म्हणजे खाटकाकडे म्हातारं जनावरच जाईल, ही तजवीज कायद्यातच होती, आणि मंद आचेची गरजही त्यातच लिहिली गेली. १९९५ मध्ये मंजूर झालेली दुरुस्ती राष्ट्रपतींच्या संमतीनंतर मार्च २०१५ मध्ये लागू झाली. वळू आणि बैलही बंदीत आले; शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ही बंदी कायम ठेवली, मात्र राज्याबाहेर कापलेल्या जनावराचं मांस बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. तेव्हापासून नाशकात मोठ्याचं म्हणजे म्हशीचं. शेतकऱ्याचा थकलेला बैल बाजारात विकेनासा झाला, कुरेशी खाटकांचा धंदा आटला आणि रात्रपाळीच्या कामगाराची थाळी महागली. तिघांचंही नुकसान खरं आहे, आणि तिघांची बाजू एकत्र ऐकली जाताना मला कधी दिसली नाही.

म्हशीचं मांस रंगानं गडद आणि चरबीनं कमी, त्यामुळे आच जरा चढली तरी ते कोरडं पडतं. रस्सा धरायला नळीतला मगज आणि पायाची हाडं जास्त लागतात, राखेचा थरही जाड ठेवावा लागतो. कोळसा बाभळीचा असला तर बरा. कडक असतो, हातात घेतला की जड लागतो आणि दुसऱ्या कोळशावर आपटला की काचेसारखा वाजतो. हलका, ठिसूळ कोळसा मध्यरात्रीच बसतो, मग कुणाला तरी उठून पंखा घ्यावा लागतो.

फज्रची, म्हणजे पहाटेची, नमाज झाली की सुरीच्या टोकानं कणकेची कड फोडतात. पहिली वाफ जाऊ देतात, वरचं तर्रीचं तेल पळीनं वेगळं काढून ठेवतात आणि मागाहून प्रत्येक वाडग्यात थोडं थोडं सोडतात. वर आल्याचे बारीक तुकडे, लिंबू, हिरवी मिरची. देग तळाशी आली की जुने निहारीवाले वाटीभर रस्सा बाजूला काढतात. दिल्लीत त्याला ‘तार’ म्हणतात. तो त्या दिवशी कुणाला विकत नाहीत. रात्री नवी देग चढली की सगळ्यात आधी तो तिच्यात जातो.