आधी लस घेतली म्हणून चावा सोडून द्यायचा नसतो

कुत्री पकडणारे कर्मचारी, पशुवैद्य, प्रयोगशाळेतले लोक रेबीजची लस आधीच टोचून घेतात. भारतात तिचे 3 डोस असतात: पहिल्या दिवशी, मग त्यानंतर 7 आणि 21 किंवा 28 दिवसांनी, तेही दंडात. (पोटातली 14 इंजेक्शनं ही मेंढीच्या मेंदूपासून बनणाऱ्या जुन्या लसीची आठवण; ती कधीच बंद झाली.)

‘आता कुत्रा चावला तरी काही करायला नको,’ हा समज मात्र जीवावर बेतू शकतो. चावल्यावर जखम साबण-पाण्याने 15 मिनिटं धुवायचीच, आणि त्याच दिवशी व त्यानंतर 3 दिवसांनी असे लसीचे 2 डोस घ्यायचेच. आधीच्या लसीमुळे वाचतं ते जखमेत टोचायचं महागडं, अनेकदा न मिळणारं इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं).